लोकरीचा पीळ, बोटांचा खेळ

योगा झाला, साल्सा झाला, पॉटरीचं वर्कशॉपही झालं. आता हातात घ्या टकळी! आपल्याच लाइनीवर चरणाऱ्या मेंढ्यांची लोकर, आपल्याच बोटांनी पिळलेला धागा आणि त्यातून निघालेला एक अवघड हिशेब...

आज घरी गेलात की एक काम करा. कपाटातला तो लाडका ‘वुलन’ स्वेटर काढा आणि मानेमागचं लेबल वाचा. ‘शंभर टक्के अ‍ॅक्रेलिक’ असं लिहिलेलं दिसलं तर दचकू नका. विणकामाची लोकर म्हणून बाजारात मिळणारे रंगीबेरंगी गुंडेसुद्धा बऱ्याचदा याच जातीचे असतात. खात्री करायचीय? धाग्याचा बोटभर तुकडा चिमट्यात धरून पेटवा. केस जळल्याचा वास आला, ज्योत बाजूला करताच आग विझली आणि राख बोटांत चुरगळली, तर ती खरी लोकर. धागा वितळून त्याचा काळा, कडक मणी झाला, तर तो प्लास्टिकचा चुलतभाऊ!

मी ही टेस्ट घरातल्या पाच कपड्यांवर केली. चार मणी निघाले. पाचवी होती माळ्यावर पडलेली आजोबांची घोंगडी. तिनं मात्र केस जळल्याचा अस्सल वास देऊन अख्खं घर डोक्यावर घेतलं. आई ओरडली, ते वेगळंच. पण डोक्यात किडा शिरला तो तिथूनच. ही लोकर येते कुठून? आणि तिचा धागा होतो तरी कसा?

मेड इन यूएसए

आम्ही उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूरवाले. उरलेल्या मुंबईच्या लेखी आमची ओळख एवढीच, ‘बापरे, इतक्या लांबून येतेस?’ पण सूत आणि कपडा म्हणाल, तर आमच्या पाण्यातच आहे. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी कुटुंबं आली, 8 ऑगस्ट 1949 रोजी त्या वसाहतीला ‘उल्हासनगर’ हे नाव मिळालं आणि पुढे कॅम्पाकॅम्पातून शिलाई मशीन धडधडू लागली. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’, हा जोक तर आता आजोबांच्या वयाचा झालाय.

धागासुद्धा इथेच बनतो. शहाड स्टेशनाजवळ सेंच्युरी रेयॉनचा कारखाना 1950च्या दशकापासून उभा आहे. तिथे लाकडाच्या लगद्यापासून व्हिस्कोस तयार होतं. लगदा कॉस्टिक सोड्यात आणि कार्बन डायसल्फाइडमध्ये मुरवून त्याचं मधासारखं दाट द्रावण करायचं, ते बारीक भोकांच्या चकतीतून आम्लाच्या हौदात दाबायचं, की पलीकडे झुळझुळीत तंतू बाहेर! म्हणजे रेशमाच्या किड्याची कॉपी. धागा पिळून तयार होत नाही, सोऱ्यातून शेव पडावी तसा पडतो.

लोकरीचं म्हणाल, तर आमच्या लोकलच्या वाटेवर ठाणं लागतं. तिथली रेमंडची वुलन मिल 1925ची. तिथलं उत्पादन 2009 मध्ये बंद झालं आणि आता त्या आवारात टॉवर उभे आहेत. भारतातल्या सुटाच्या गिरण्यांना लोकर लागते ती प्रामुख्याने ऑस्ट्रेलियाची मेरिनो. मऊ, पांढरी, केसापेक्षा कितीतरी बारीक. मेरिनोचा तंतू साधारण 17 ते 24 मायक्रॉन जाडीचा असतो. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर त्याच्या दुपटीच्या आसपास जाड, राठ, काळी-करडी. ती अंगाला टोचते. म्हणून गिरणीला ती नको.

गंमत बघा. हजारो किलोमीटरवरून लोकर बोटीत बसून ठाण्यात यायची, आणि दर हिवाळ्यात घाट उतरून पायी येणाऱ्या लोकरीकडे कोणी बघायचंही नाही.

फ्लॅट नंबर अमुक, समोर मेंढ्या

पायी येणारी लोकर म्हणजे मेंढ्या! पावसाळा सरला की घाटमाथ्यावरच्या धनगरांचे वाडे कळपांसह कोकणात उतरतात. वाडा म्हणजे वाड्यातला वाडा नव्हे. आठ-दहा कुटुंबं, त्यांची घोडी, कुत्री, कोंबड्या आणि शेकडो मेंढ्या असं चालतं-फिरतं गाव. भात कापून झालेल्या खाचरांत रात्री मेंढ्या बसवायच्या. शेतकऱ्याला लेंडीखत मिळतं, धनगराला धान्य किंवा पैसे. दोघांचाही फायदा, मध्ये एजंट नाही.

जानेवारीतल्या एका रविवारी बदलापूरहून वांगणीकडे जाताना असा एक वाडा दिसला. मी स्कूटर थांबवली. पालाच्या सावलीत एक आजी बसल्या होत्या. समोर कोकराकडे लक्ष, तोंडात पान आणि हातात गरगरणारी टकळी. नजर धाग्याकडे नव्हतीच. बोटं आपापलं काम करत होती, आपण मोबाइलवर न बघता टाइप करतो ना, तशी.

‘आजी, मला शिकवाल?’

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. ‘कशापाई? तुला पगार न्हाय का?’

‘आहे की.’

‘किती?’

मी आकडा सांगितला. आजी हसल्या. ‘मंग हे शिकून काय करशील पोरी? आमच्या सुना बी शिकल्या न्हाईत. ही लोकर आता कोन घेतंय? कातरनावळ बी निघंना. वड्यात टाकून देतो.’

मला वाटलं, थट्टा करताहेत. पण पालामागे खरंच लोकरीचं बाचकं पडलं होतं, भरून ठेवलेलं, कोणाचीच वाट न बघणारं. मेंढीची लोकर वर्षातून दोनदा उतरवावी लागते. नाहीतर पावसात ती भिजून जड होते, त्यात कुसळं अडकतात, गोचीड होतात. म्हणजे लोकर विकली जावो न जावो, कातरण्याचा खर्च ठरलेलाच.

पूर्वी या लोकरीला घर होतं. सणगर आणि खुटेकर धनगर समाजातले विणकर तिची घोंगडी विणायचे. बायका पिंजायच्या, कातायच्या, पुरुष खड्ड्यातल्या मागावर बसायचे. धाग्याला चिंचोक्याची खळ लावली की तो ताठ व्हायचा. कोकराची पहिली लोकर म्हणजे ‘जावळ’. ती सर्वांत मऊ, म्हणून जावळाच्या घोंगडीचा मान मोठा. शेतकरी पावसात घोंगडीची खोळ डोक्यावर घ्यायचा, रात्री तीच अंथरायचा. मग स्वस्त सोलापुरी चादर आली, मिलची ब्लँकेटं आली, प्लास्टिकचा कागद आला. घोंगडीचं गिऱ्हाईक गेलं आणि पाठोपाठ कातणारी बोटंही.

मेंढीसुद्धा बदलली. 2019च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे 27 लाख मेंढ्या होत्या, पण त्या पाळल्या जातात त्या मुख्यतः मटणासाठी. फलटणच्या निंबकर संस्थेने बंगालमधल्या गरोल मेंढीचा जुळ्यांचा जनुक दख्खनी मेंढीत आणून ‘नारी सुवर्णा’ तयार केली, कारण मेंढपाळाचं पोट कोकरांवर चालतं. त्याचं काही चुकत नाही. ज्याला भाव, त्याच्या मागे माणूस जातो.

आजींनी ते बाचकं माझ्या स्कूटरवर ठेवलं. पैसे घेईनात. ‘फेकायचंच हाय,’ म्हणाल्या. शेवटी मी चहा-साखरेचं सामान दिलं, तेव्हा कुठे व्यवहार फिटला. आणि मग एक तास, फक्त एक तास, त्यांनी मला टकळी धरायला शिकवलं.

आधी लगीन धुण्याचं

घरी बाचकं उघडलं आणि आईने नाकाला पदर लावला. मेंढीचा वास, माती, लेंड्या, गोखरू. कच्च्या लोकरीचं पहिलं काम म्हणजे निवड. पाठीची आणि खांद्याची लोकर चांगली, पोटाची आणि पायांची काढून टाकायची.

मग धुणं. इथे वॉशिंग मशीनचा मोह टाळा. लोकरीचा तंतू भिंगाखाली बघितला, तर त्यावर कौलारू छपरासारखे खवले दिसतात. गरम पाणी, साबण आणि घुसळण हे तिन्ही एकत्र आले की कौलं एकमेकांत अडकतात आणि लोकरीचा घट्ट नमदा होतो. म्हणून कडकडीत पाण्यात रिठा किंवा सौम्य साबण टाकायचा, लोकर हळूच बुडवायची, अर्धा तास हात लावायचा नाही आणि अलगद उचलायची. गरमातून एकदम गार पाण्यातही टाकायची नाही. तीन पाणी झाली तरी चौथं काळंच निघतं. ‘भिजत घोंगडं’ हा वाक्प्रचार कुठून आला असेल, हे तेव्हा कळलं. आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाइतका दमटपणा लोकर नुसता पोटात घेते आणि वरून कोरडी भासते. खरोखर भिजली, तर बाल्कनीत दोन-दोन दिवस वाळत नाही. तुमच्या बॉसच्या टेबलावरची अप्रूव्हलची फाइलच म्हणा ना!

मग पिंजणं. पारंपरिक पिंजारी धनुष्यासारखी पिंजण वापरतो. मी उल्हासनगरात पेट शॉपमधून कुत्र्याचे केस विंचरायचे दोन ब्रश आणले. दुकानदाराने कुत्र्याची जात विचारली. मी म्हटलं, ‘दख्खनी.’ तो विचारात पडला. एका ब्रशवर लोकर पसरायची, दुसऱ्याने विंचरायची, गुंता आणि कचरा खाली पडतो. उरलेला ढग अलगद गुंडाळला की झाला पेळू. हलका, फुगीर, बोटभर जाड. कातण्याचं निम्मं यश पेळूत असतं. पेळू चांगला नसेल, तर पुढे बोटं कितीही हुशार असोत, उपयोग नाही.

पीळ कुठे धावतो?

टकळी बनवायला गेले अंबरनाथला. खादीवाल्या सूतकताईची पितळी टकळी लोकरीच्या जाडसर धाग्याला हलकी पडते. एमआयडीसीतल्या एका लेथवाल्या काकांना कागदावर चित्र काढून दाखवलं. वीतभर लांबीची काठी, टोकाला आकडा, खाली लाकडाची गोल चकती, वजन चाळीसेक ग्रॅम. त्यांनी ती दहा मिनिटांत कातून दिली आणि विचारलं, ‘कुठल्या मशीनचा पार्ट आहे, ताई?’ काय सांगणार! जगातल्या सगळ्या सूतगिरण्यांच्या पणजीचा.

तंत्र ऐकायला सोपं आहे. टकळीला एक जुना दोरा बांधायचा, त्याच्या टोकावर पेळूचे तंतू ठेवायचे, टकळी चुटकीसरशी उजवीकडे फिरवायची आणि सोडायची. ती खाली लटकत फिरते, पीळ वर चढतो. वरच्या हाताने पेळूतून तंतू ओढत राहायचं, खालच्या हाताच्या चिमटीने पीळ अडवायचा. चिमूट म्हणजे सिग्नल. तंतू ओढून हवे तेवढे बारीक झाले की सिग्नल हिरवा, पीळ वर. पीळ पेळूत घुसला की तंतू सरकायचे बंद. मग कितीही ओढा, ट्रॅफिक जाम!

नवशिक्याचा पहिला धागा म्हणजे साप उंदीर गिळून बसलाय असा. इथे फुगलेला, तिथे केसासारखा. दर दोन वितींवर तुटतो आणि टकळी फरशीवर खण्णकन. खालच्या मजल्यावरच्यांनी दोनदा बेल वाजवली. यावर एक नामी युक्ती आहे. टकळी फिरवून पीळ भरायचा, मग ती गुडघ्यांत धरून थांबवायची आणि निवांत तंतू ओढायचे. एका वेळी एकच काम. मल्टिटास्किंगवाल्या आपल्या पिढीला हे जड जातं, पण जमतं.

आणि मग एके दिवशी डोळ्यांना ती गोष्ट दिसली, जी आजी एका वाक्यात बोलून गेल्या होत्या. ‘बारीक जागी पीळ आधी जातो. तू नुसती थांब.’ धाग्यात जिथे तंतू कमी असतात, तिथे पीळ पहिला धावतो आणि ती जागा घट्ट करतो. जाड जागा मात्र सैल राहते, म्हणजे तिथले तंतू अजून ओढता येतात. दोन्ही हातांनी जाड जागेला हलकासा ताण दिला की ती बारीक होते आणि पीळ तिथेही पोचतो. म्हणजे धागा स्वतःला सावरतो. फक्त त्याला तेवढा वेळ द्यावा लागतो. पीळ नसलेली लोकर चिमटीने सहज विस्कटते. तीच पिळली की हाताने तुटत नाही. नवं काही मिसळलेलं नसतं, ना गोंद ना गाठ. तेच तंतू, एकमेकांना धरून.

एकेरी धागा सैल सोडला की स्वतःभोवती गुरमटतो. म्हणून दोन धागे एकत्र घेऊन उलट दिशेने, डावीकडे पिळायचे. दोघांचे पीळ एकमेकांना तोलतात आणि दुपदरी धागा शांत होतो. मग कोमट पाण्यात बुडवून, झटकून, वाळत घालायचा. झाली लड तयार!

टकळी ऑन लोकल

बदलापूर ते सीएसएमटी 68 किलोमीटर. जाऊन-येऊन रोजचे तीनेक तास ट्रेनमध्ये. महिलांच्या डब्यात आम्ही मटार सोलतो, भजनं म्हणतो, केक कापतो, क्रोशाचे रुमाल विणतो. टकळीला कोण अडवणार? अर्थात लटकती टकळी गर्दीत चालत नाही, ती गुडघ्यात धरायची. तीही विंडो सीट मिळाली तरच.

पहिल्या आठवड्यात डब्यात दोन पार्ट्या पडल्या. एकीचं म्हणणं, ‘हिला ब्रेकअप झालाय.’ दुसरीचं, ‘इन्स्टासाठी करतेय.’ उल्हासनगरला चढणाऱ्या एका आंटींनी जाहीर केलं, ‘बेटा, इतने में तो चार स्वेटर आ जाएँगे.’ हिशेब बरोबर होता.

मग एके दिवशी अंबरनाथला चढलेल्या एका काकू माझ्या शेजारी बसल्या. वय सत्तरीचं. दादरला डोळे तपासायला निघालेल्या. दोन स्टेशनं नुसत्या बघत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘आण इकडे.’ टकळी हातात घेतली, चकती मांडीवर टेकवली, चिमूट धरली आणि सुरू! पहिला धागा तुटला, दुसरा सरळ. ‘आम्हाला शाळेत सूतकताईचा तास होता,’ त्या म्हणाल्या. ‘साठ वर्षांनी धरली बघ हातात.’ वर्ध्याच्या 1937च्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी नयी तालीम मांडली आणि पुढे महाराष्ट्रातल्या कितीतरी शाळांत टकळी दप्तरात आली. मुलं कंटाळायची, बाईंच्या पाठीमागे सुताच्या गुंड्या एकमेकींवर फेकायची. काकूंनीही फेकल्या होत्या म्हणे. पण बोटं विसरली नव्हती. ठाणं येईपर्यंत त्यांनी दोन हात धागा काढून माझ्या पेळूचा दर्जा कसा सुमार आहे, तेही सांगून टाकलं.

त्या दिवसापासून डब्यात माझं नाव ‘टकळी’ पडलंय. बडबड करते म्हणून नव्हे, हे कृपया नोंदवून घ्यावं!

पाचशेत देशील?

तीन महिन्यांनी माझा वेग तासाला 25 मीटर झाला. दख्खनी लोकरीचा मफलर गळ्याला टोचतो, म्हणून मी लॅपटॉपचं कव्हर करायचं ठरवलं. क्रोशाने मोठ्ठी पिशवी विणली आणि मग मुद्दाम गरम पाण्यात साबण लावून घासली. धुताना जे टाळायचं होतं, तेच इथे हवं होतं. पिशवी आकसून जाड, घट्ट झाली. काळीभोर, मधे करडी रेघ. ऑफिसात टेबलावर ठेवली आणि हवा झाली. ‘वॉव, एकदम एथनिक!’

मग शेजारच्या टीममधली एक मैत्रीण म्हणाली, ‘मला पण हवंय. पाचशेत देशील?’

तिचं काही चुकलं नाही. ऑनलाइन कव्हर तेवढ्यातच येतं. पण माझ्यातला एक्सेलवाला जागा झाला. कव्हरला दुपदरी धागा लागला 120 मीटर, म्हणजे एकेरी 240 मीटर. कातायला दहा तास. दुपदरी करायला तीन. निवडणं, धुणं, पिंजणं सात. विणकाम दहा. एकूण 30 तास. पाचशे भागिले तीस, तासाला सतरा रुपयेसुद्धा नाहीत. आमच्या लोअर परळला त्यात धड वडापावही येत नाही.

ही झाली माझ्यासारख्या हौशीची गोष्ट. आता घोंगडी घ्या. अंगावर घेण्याजोग्या घोंगडीत दोन किलो लोकर सहज जाते. जाडसर धागा ग्रॅमला एक मीटर धरला, तरी झाला 2,000 मीटर. माझ्या वेगाने नुसतं कातायला 80 तास, म्हणजे दोन आठवड्यांची ऑफिस ड्यूटी. चरख्यावर बसलेली तरबेज बाई माझ्या तिप्पट वेगाने कातते असं समजा. तरी तीन-साडेतीन दिवस. त्यानंतर खळ, माग, विणकर. आणि आपण प्रदर्शनात ती उचलून, उलटीपालटी करून म्हणतो, ‘इतकी महाग? टोचते पण!’

आजींच्या सुना का शिकल्या नाहीत, याचं उत्तर त्या भागाकारात आहे. त्यांना कला नको होती असं नाही. त्यांनी हिशेब आपल्या आधी केला.

चौकट : सुरुवात करायचीय?

* लोकर : पहिल्या धड्याला लांब, स्वच्छ तंतूंची लोकर घ्या. धुतलेली, पिंजलेली लोकर ऑनलाइन मिळते. दख्खनी वापरायची तर जावळ मिळतंय का बघा.
* टकळी : 35 ते 45 ग्रॅम. महागडी नको. सरळ काठी, बरोबर मध्ये बसलेली लाकडी चकती आणि वरती पडद्याचा हूक, एवढं पुरे. चकती डगमगत नाही ना, तेवढं पाहा.
* पहिला तास : टकळी न घेता नुसत्या बोटांनी पेळूतून तंतू ओढून पाहा. दोन हातांत तंतूच्या लांबीपेक्षा जास्त अंतर ठेवा, नाहीतर तोच तंतू दोन्हीकडून ओढाल.
* धागा तुटला तर : गाठ मारू नका. दोन्ही टोकं विस्कटून चार बोटं एकमेकांवर ठेवा आणि पीळ सोडा. जोड दिसतही नाही.
* वेळ : रोज पंधरा मिनिटं. रविवारी तीन तास बसण्यापेक्षा हे बरं. मनगटाला आणि घरच्यांनाही.

आणि आता?

या राठ लोकरीकडे आता थोडं लक्ष जायला लागलंय. तिची घोंगडी, आसनं, गालिचे, पिशव्या शहरांतल्या प्रदर्शनांत दिसतात. सुरेश एरियत यांच्या ‘देसी ऊन’ या अ‍ॅनिमेशनपटाला 2025 मध्ये फ्रान्समधल्या अ‍ॅनेसी महोत्सवात ज्युरी अ‍ॅवॉर्ड मिळालं. तो दख्खनी लोकरीवरच आहे, आणि लोकरीच्याच बाहुल्यांनी केलेला. लोकर तीच, टोचणारी. बघणाऱ्यांची नजर थोडी बदलली, एवढंच.

पण प्रश्न फक्त भावाचा नाही. निघताना मी आजींना विचारलं होतं, ‘पुढच्या वर्षी इथेच याल ना?’ त्यांनी समोर हात केला. खाचराच्या बांधावर नवा बोर्ड होता, वन आणि टू बीएचके, स्टेशनपासून इतकी मिनिटं. ‘शेत ऱ्हायलं तर बसू,’ त्या म्हणाल्या. कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या 2001 मध्ये एक लाखाच्या आत होती, 2011 मध्ये पावणेदोन लाखांच्या घरात गेली. त्यानंतर किती टॉवर उभे राहिले, ते खिडकीतून मोजता येतात. माझा फ्लॅटही त्यातल्याच एका टॉवरमध्ये आहे. कोणाला तरी घर हवं असतं, कोणाला तरी रात्रीपुरतं खाचर. दोघांनाही जागा हवी ती तीच, स्टेशनजवळची सपाट.

त्यावर माझ्याकडे तोडगा नाही. माझ्याकडे आहे एक टकळी, अर्धं बाचकं लोकर आणि मैत्रिणीची ऑर्डर. तिला मी तो तीस तासांचा हिशेब कागदावर लिहून दिला. तिने वाचला, गप्प बसली आणि म्हणाली, ‘कव्हर राहू दे. मला शिकव.’ आता आम्ही दोघी आहोत. पेट शॉपवाल्याने ब्रशच्या दुसऱ्या जोडीवर दहा टक्के डिस्काउंट दिलाय.

तर मंडळी, पुढच्या प्रदर्शनात घोंगडी दिसली की भाव जरूर करा. आपला हक्कच आहे तो! फक्त त्याआधी एकदा तासभर टकळी फिरवून बघा. मग तोंडातून कमी आकडा निघतो का, ते सांगा.